कोर्टाने कायदा ‘स्ट्राइक डाउन’ केला म्हणजे नेमकं काय झालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात विधानभवन आणि उच्च न्यायालय दोन्ही सिव्हिल लाइन्समध्ये. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की एका इमारतीत विधेयकं मंजूर होतात आणि दुसऱ्या इमारतीत बाराही महिने मंजूर झालेल्या कायद्यांची परीक्षा चालते. तरी ‘कोर्टाने कायदा स्ट्राइक डाउन केला’ या वाक्याचा अर्थ विचारला, तर अभ्यासिकेतला स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी एक सांगतो, पेपरातला उपसंपादक दुसरं आणि पक्षकार तिसरंच धरून बसलेला असतो. वकिली आणि कायद्याच्या भाषांतराचं काम करताना जे प्रश्न सतत कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत.

‘स्ट्राइक डाउन’चा थोडक्यात अर्थ काय?

एखादा कायदा, त्यातलं कलम किंवा त्याखालचा नियम राज्यघटनेला धरून नाही असं न्यायालयाने जाहीर करणं आणि त्यामुळे त्याचा अंमल थांबणं. मराठीत ‘घटनाबाह्य ठरवून रद्द करणे’ किंवा ‘रद्दबातल ठरवणे’. यातला कर्ता कायम न्यायालय असतो. संसद, विधानसभा, मंत्रिमंडळ किंवा राष्ट्रपती यांच्यापैकी कोणीही कायदा ‘स्ट्राइक डाउन’ करत नाही.

कारणं साधारण तीन असतात. कायदा मूलभूत हक्कांवर घाला घालतो, हे पहिलं. ज्या विधिमंडळाने तो केला त्याला त्या विषयावर कायदा करण्याचा अधिकारच नव्हता, हे दुसरं. इथे केंद्र आणि राज्य यांच्यात कायद्याचे विषय वाटून देणाऱ्या, घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या याद्या बघाव्या लागतात. घटनेतल्या आणखी एखाद्या तरतुदीशी तो टक्कर घेतो, हे तिसरं. नियम, अधिसूचना, उपविधी यांच्या बाबतीत एक कारण वाढतं. ज्या मूळ कायद्याच्या जोरावर ते काढले, त्याच्या मर्यादेबाहेर ते गेलेले असतात.

मग सरळ ‘कायदा रद्द’ लिहिलं तर काय बिघडतं?

कोणी रद्द केला ते वाचकाला कळत नाही, आणि पुढचं सगळं त्यावरच अवलंबून असतं.

तीन कृषी कायद्यांचं बघा. विदर्भातल्या शेतकऱ्यांनी ती बातमी वर्षभर ऐकली, तरी ‘सुप्रीम कोर्टाने ते कायदे रद्द केले’ असं सांगणारे लोक आजही भेटतात. सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२१ रोजी त्या कायद्यांच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली होती. ते घटनेनुसार आहेत की नाहीत, याचा निकाल दिलाच नव्हता. पुढे २९ नोव्हेंबर २०२१ रोजी संसदेच्या दोन्ही सभागृहांनी कायदे मागे घेण्याचं विधेयक मंजूर केलं. म्हणजे आधी ‘स्टे’ आणि मग ‘रिपील’. ‘स्ट्राइक डाउन’ झालंच नाही.

स्थगिती म्हणजे तूर्त थांबा. ‘रिपील’ किंवा निरसन म्हणजे ज्यांनी कायदा केला त्यांनीच तो मागे घेतला. त्यात कायदा चूक होता असं कोणी म्हणत नाही, आणि निरसनाआधी सुरू झालेली प्रकरणं सहसा जुन्या कायद्याने चालत राहतात. स्ट्राइक डाउन म्हणजे तिसऱ्याने, म्हणजे न्यायालयाने, तो घटनेच्या कसोटीवर नापास केला. तिथे जुन्या प्रकरणांचं काय, हा प्रश्न लगेच उभा राहतो. त्याबद्दल खाली येतंच.

‘कायदा पाडला’ म्हणता येईल का?

नको. मराठीत विधेयक ‘पडतं’ ते सभागृहात, मतदानात. सरकार पाडतात, उमेदवार पाडतात. कोर्टाने कायदा ‘पाडला’ लिहिलं की वाचकाला वाटेल विधानसभेतच काहीतरी घडलं. ‘फेटाळला’ही चालत नाही, कारण कोर्ट फेटाळतं ती याचिका. कायद्याला आव्हान देणारी याचिका फेटाळली म्हणजे कायदा टिकला! घाईत लिहिलेल्या मथळ्यात या दोन्ही गोष्टींची अदलाबदल झालेली मी छापून आलेली पाहिली आहे.

क्वॅश, सेट असाइड, ओव्हररूल, रीड डाउन हे सगळं एकच का?

नाही. कोर्टाच्या कामकाजात प्रत्येकाची जागा ठरलेली आहे.

एफआयआर ‘क्वॅश’ होतो, म्हणजे कोर्ट तो रद्द करतं. बदलीचा आदेश, निविदा, एखादा जीआर हेही क्वॅश होतात. खालच्या कोर्टाचा निकाल वरचं कोर्ट ‘सेट असाइड’ करतं, म्हणजे बाजूला सारतं. जुन्या निवाड्यातलं कायद्याचं तत्त्व पुढच्या मोठ्या पीठाला चुकीचं वाटलं तर तो निवाडा ‘ओव्हररूल’ होतो. या सगळ्यांत कायद्याच्या पुस्तकातलं कलम जागच्या जागी असतं. कायदा, कलम, नियम, अध्यादेश यांच्यासाठी मुख्यतः स्ट्राइक डाउन वापरतात. जीआर किंवा धोरणासाठी दोन्ही शब्द ऐकू येतात, त्यावरून वाद घालत बसू नये.

‘रीड डाउन’ मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. कलमाचे शब्द फार रुंद असतील तर न्यायालय कधीकधी ते रद्द न करता त्याचा अर्थ आखडून घेतं. एवढ्यापुरतंच हे कलम लागू, यापलीकडे नाही, असं सांगतं. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ बद्दल ६ सप्टेंबर २०१८ रोजी हेच झालं. सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरतं ते कलम घटनाबाह्य ठरलं आणि उरलेलं कलम तसंच राहिलं. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, २७ सप्टेंबरला, व्यभिचाराचं कलम ४९७ मात्र संपूर्ण गेलं. एकाच महिन्यातले हे दोन निकाल परीक्षेत नेहमी एकमेकांत मिसळतात.

सगळे प्रकार एका ठिकाणी बघायचे असतील तर २४ मार्च २०१५ चा श्रेया सिंघल निकाल काढा. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा सांगणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द, कलम ७९ मधल्या तरतुदीचा अर्थ संकुचित, आणि संकेतस्थळं रोखण्याचा अधिकार देणारं कलम ६९-अ वैध. एकाच निकालात तिन्ही! अशा निकालावर ‘आयटी कायदा रद्द’ असा मथळा दिला तर तो सपशेल खोटा ठरतो.

व्याकरणात काय सांभाळायचं?

भूतकाळ ‘स्ट्रक डाउन’. ‘स्ट्राइक्ड’ असं रूप नाही. कायद्याच्या जागी सर्वनाम आलं तर ते मधे बसतं: ‘स्ट्रक इट डाउन’. इंग्रजी मथळ्यात ‘स्ट्राइक्स डाउन’ असा वर्तमानकाळ दिसतो. ती वृत्तपत्री पद्धत आहे, घटना होऊन गेलेलीच असते. कारण जोडायचं तर पुढे ‘ॲज अनकॉन्स्टिट्यूशनल’ येतं. नुसत्या ‘स्ट्राइक’ने संप होतो. ‘स्ट्राइक ऑफ’ केलं तर कंपनीचं नाव नोंदवहीतून निघतं आणि ‘स्ट्राइक आउट’ केलं तर दिवाणी दाव्यातला बचाव. एखाद्याला आजाराने गाठलं यासाठीही इंग्रजीत ‘स्ट्रक डाउन’ म्हणतात. त्याचा आपल्याशी संबंध नाही.

हा दिल्ली-मुंबईचा विषय, नागपूरचा यात काय संबंध?

संबंध फार जुना आहे. घटना लागू झाल्यावर पहिल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवलेल्या कायद्यांत एक नागपुरात केलेला होता.

सीपी अँड बेरार, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, या प्रांताची राजधानी नागपूर होती. इथल्या विधिमंडळाने १९४८ मध्ये बिडी उत्पादनाचं नियमन करणारा कायदा केला. हेतू असा की शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत. म्हणून उपायुक्ताला अधिकार दिला: शेतीचा हंगाम कोणता ते त्याने ठरवायचं आणि त्या काळात अमुक गावांतल्या लोकांनी बिड्या वळायच्या नाहीत, कारखानदारांनी त्यांना कामावर ठेवायचं नाही, असा आदेश काढायचा. १९५० मध्ये सागर जिल्ह्यात तसा आदेश निघाला. तोवर प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं होतं, राजधानी नागपूरच. एक बिडी कारखानदार आणि एक कामगार, मूलभूत हक्कांसाठी दाद मागू देणाऱ्या अनुच्छेद ३२ खाली, थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. हा चिंतामण राव खटला.

कामठी, गोंदिया भागात ज्यांनी बिडीचं काम जवळून पाहिलं आहे त्यांना न्यायालयाचा मुद्दा चटकन समजेल. बिडी वळायला शेतात जावं लागत नाही. तेंदूपत्ता कापायचा, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, सगळं बसल्या जागी. म्हातारी माणसं, अपंग, शेतातलं जड काम न झेपणारे हे काम करतात. इतर लोक रिकाम्या वेळात करतात. बंदी सरसकट होती. जी व्यक्ती शेतमजूर म्हणून उपयोगाचीच नाही तिलाही बिडी वळायला मनाई! मग शेतीला मजूर मिळावेत या हेतूशी या मनाईचा संबंध काय उरला? न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी लिहिलेल्या निकालात हेच म्हटलं की हेतू कितीही चांगला असला तरी बंधन त्याच्या प्रमाणात हवं. व्यवसायाच्या स्वातंत्र्यावरचं हे बंधन ‘वाजवी’ नव्हतं.

पंचाहत्तर वर्षं झाली तरी अनुच्छेद १९ मधला ‘वाजवी निर्बंध’ समजावताना हा खटला निघतोच. इतिहासाच्या पुस्तकात नागपूर करार येतो, बिडीचा हा कायदा येत नाही. मला तो शाळेत शिकवण्याजोगा वाटतो.

एक कलम घटनाबाह्य ठरलं तर अख्खा कायदा जातो का?

सहसा नाही. घटनेच्या अनुच्छेद १३ मध्येच म्हटलं आहे की विसंगती असेल तेवढ्यापुरताच कायदा शून्य. खराब भाग काढून उरलेला कायदा स्वतःच्या पायावर उभा राहत असेल तर तो राहतो. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा आहे. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात त्याचे काही भाग गेले, बाकी कायदा राहिला. महाराष्ट्राच्या गोवंश हत्याबंदी कायद्यावर मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी निकाल दिला, त्यात बंदी वैध ठरली. पण राज्याबाहेर कत्तल झालेल्या जनावराचं मांस बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम ५-ड आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारं कलम ९-ब, ही दोन रद्द झाली. त्या दिवशी ‘बंदी कायम’ आणि ‘बंदीला दणका’ असे दोन्ही मथळे देता आले असते आणि दोन्ही अर्धेच ठरले असते.

वेगळं करताच येत नसेल तर मात्र सगळंच जातं. बिडी कायद्याचं तेच झालं. त्याची भाषा इतकी रुंद होती की वैध बंधन आणि अवैध बंधन दोन्ही त्यात बसत होती. अमुक शब्द काढले की उरलेलं चालेल, असं म्हणायला जागाच नव्हती.

रद्द ठरलेला कायदा पुन्हा जिवंत होऊ शकतो?

होऊ शकतो, आणि याचं देशभर शिकवलं जाणारं उदाहरणही नागपूरचंच आहे.

घटनेच्या आधी, १९४७ मध्ये, सीपी अँड बेरारच्या विधिमंडळाने मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून प्रवासी वाहतूक सरकारने स्वतःच्या हातात घेण्याची सोय केली. खासगी बसमालकांना बाजूला सारून मक्तेदारी. २६ जानेवारी १९५० ला घटना आली आणि व्यवसायाच्या मूलभूत हक्कासमोर ही दुरुस्ती लटकी पडली. पण जून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सरकारी मक्तेदारीला परवानगी दिली. पुढे १९५५ मध्ये सरकारने जुन्या दुरुस्तीच्या आधारे मार्ग ताब्यात घ्यायचं ठरवलं, तेव्हा बसमालक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं: जो कायदा १९५० मध्ये मेला तो १९५१ च्या दुरुस्तीने कसा उठेल?

भिकाजी नारायण धाकरस खटल्यात न्यायालयाने सांगितलं की तो मेलाच नव्हता. घटनेच्या आधीचा कायदा मूलभूत हक्कांच्या छायेत झाकला जातो. ती छाया सरली की तो पुन्हा लागू. यालाच ग्रहणाचा सिद्धांत म्हणतात. बसमालक हरले.

एक अट आहे. हा सिद्धांत प्रामुख्याने घटनापूर्व कायद्यांचा. घटना आल्यानंतर तिच्याविरुद्ध केलेला कायदा जन्मतःच मृत, असं दीपचंद खटल्यात १९५९ मध्ये ठरलं. अशा कायद्यावर नंतर घटनादुरुस्ती करून प्राण फुंकता येत नाहीत, तो नव्याने करावा लागतो. परीक्षेत प्रश्न आला तर उत्तर ‘घटनेच्या आधीचा की नंतरचा?’ इथूनच सुरू करा.

कोर्टाने रद्द केलेला कायदा विधिमंडळ पुन्हा करू शकतं का? मग कोर्टाच्या निकालाला अर्थ काय?

जशाचा तसा करून ‘कोर्टाचा निकाल आम्ही मानत नाही’ असं म्हणता येत नाही. निकाल ज्या दोषावर उभा आहे तो दोष काढून करता येतो. प्रत्यक्षात हे वर्षानुवर्षं चालतं.

डान्स बारचं प्रकरण आपल्याच राज्यातलं. २००५ मध्ये मुंबई पोलीस कायद्यात कलम ३३-अ घालून बंदी आणली. त्या शेजारच्या कलमात तारांकित हॉटेलं वगैरेंना सूट होती. उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी बंदी रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी ते कायम केलं. तेच नृत्य महागड्या हॉटेलात चालतं आणि साध्या बारमध्ये चालत नाही, हा भेद टिकला नाही. विधिमंडळाने २०१४ मध्ये सूट काढून टाकली आणि बंदी परत आणली. तिला २०१५ मध्ये स्थगिती मिळाली. मग २०१६ मध्ये बंदीऐवजी कडक अटींचा वेगळा कायदा आला, आणि १७ जानेवारी २०१९ रोजी त्यातल्याही काही अटी रद्द झाल्या. चौदा वर्षांत एकाच विषयावर दोन्ही बाजूंनी इतक्या फेऱ्या.

मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. त्यातली दोन मुख्य कारणं अशी: आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडण्याजोगी असाधारण परिस्थिती दाखवता आली नाही, आणि १०२ व्या घटनादुरुस्तीनंतर मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार राज्याकडे उरलेला नाही. दुसरं कारण संसदेने ऑगस्ट २०२१ मध्ये १०५ वी घटनादुरुस्ती करून दूर केलं. पहिलं तसंच आहे. म्हणून २०२४ मध्ये आलेल्या नव्या कायद्यावरचा वाद पुन्हा ५० टक्क्यांपाशीच येतो. निकाल वाचताना प्रत्येक कारण वेगळं मांडून ठेवलं की पुढे सरकार काय करील याचा अंदाज बांधता येतो.

रद्द कधीपासून धरायचं? निकालाच्या तारखेपासून की सुरुवातीपासून?

सर्वसाधारण नियम असा: घटनेनंतरचा कायदा मूलभूत हक्कांविरुद्ध ठरला तर तो पहिल्या दिवसापासून शून्य. घटनापूर्व कायदा असेल तर २६ जानेवारी १९५० पासून, त्याच्या मागे नाही.

नियम साधा आहे, परिणाम साधे नसतात. दरम्यान कोणी प्रवेश घेतलेला असतो, कोणाला नोकरी लागलेली असते, कोणी कर भरलेला असतो. म्हणून न्यायालय बऱ्याचदा निकालातच ठरवून देतं की कोणाला हात लावायचा नाही. मराठा आरक्षणाच्या निकालात ९ सप्टेंबर २०२० पर्यंत झालेले पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश अबाधित राहिले, कारण त्या तारखेच्या अंतरिम आदेशातच तसं म्हटलं होतं. उलट बाजूचं उदाहरणही आहे. सहसचिव आणि वरच्या अधिकाऱ्यांच्या चौकशीआधी केंद्राची परवानगी लागेल, असं सांगणारं सीबीआयच्या कायद्यातलं कलम ६-अ २०१४ मध्ये रद्द झालं. ते कधीपासून, हा वाद पाच न्यायमूर्तींपुढे गेला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये उत्तर आलं: कलम घातलं त्या दिवसापासून, म्हणजे ११ सप्टेंबर २००३ पासून.

आपल्या प्रकरणात तारीख महत्त्वाची असेल तर निकालाचा शेवटचा, आदेशाचा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. पेपरातली बातमी तिथपर्यंत क्वचितच पोहोचते.

रद्द झालेलं कलम पुस्तकातून निघून जातं का?

आपोआप नाही. न्यायालय पुस्तकातला मजकूर खोडत नाही, तो अंमलात आणायचा नाही एवढं जाहीर करतं. छापील मजकूर बदलण्याचं काम विधिमंडळाचं, आणि ते बहुतेक वेळा होत नाही.

कलम ६६-अ ची गोष्ट यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली. त्यावरून उठलेल्या गदारोळातून याचिका गेली आणि २०१५ मध्ये कलम रद्द झालं. तरीही देशभरातल्या ठाण्यांत त्या कलमाखाली गुन्हे नोंदवणं चालूच राहिलं. २०१९ मध्ये निकालाची प्रत सगळ्या उच्च न्यायालयांना, मुख्य सचिवांना, पोलीस महासंचालकांना पोहोचवा असं सांगावं लागलं. जुलै २०२१ मध्ये न्यायालयाने यावर आश्चर्य आणि धक्का व्यक्त केला. तेव्हा ॲटर्नी जनरलांनी दिलेलं स्पष्टीकरण मासलेवाईक होतं: पुस्तकात कलम छापलेलं असतं, ते रद्द झाल्याची माहिती खाली तळटीपेत असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा आदेश निघाला की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका. सात वर्षांपूर्वी रद्द केलेल्या कलमासाठी!

बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याच्या नुसत्या मजकुराचं पुस्तक, विकत घेताना स्वस्त जुनी आवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी यातून काय तो बोध घ्यावा. तळटीप वाचायची सवय लावून घ्या.

कायदा रद्द करण्याचा अधिकार कोणत्या कोर्टाला? जिल्हा न्यायालयात मागता येईल का?

सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालयं. जिल्हा किंवा तालुका न्यायालयाला नाही. दिवाणी न्यायालयासमोरच्या खटल्यात कायद्याच्या वैधतेचा प्रश्न निघाला, त्यावर खटला अवलंबून असला आणि न्यायाधीशांना तो कायदा अवैध वाटला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११३ खाली ते उच्च न्यायालयाचं मत मागवतात. स्वतः ठरवत नाहीत. प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे आपल्याकडचं ‘मॅट’, नियम-कायद्यांची वैधता तपासू शकतं. पण ज्या कायद्याने ते स्वतः जन्माला आलं त्याची नाही. त्याच्या निकालावर उच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय खंडपीठाची देखरेख असते.

‘खंडपीठ’ या शब्दाने नागपूरकरांचा हमखास घोटाळा होतो. ‘नागपूर खंडपीठ’ म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचं इथलं कायमचं पीठ, विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांसाठी. १९३६ ते १९५६ इथे स्वतंत्र नागपूर उच्च न्यायालय होतं. राज्य पुनर्रचनेत ते गेलं आणि खंडपीठ आलं. आणि ‘खंडपीठापुढे सुनावणी’ म्हणजे दोन न्यायमूर्तींपुढची सुनावणी. कायद्याच्या वैधतेला आव्हान देणारी रिट याचिका साधारणपणे दोघांपुढे जाते. थोडक्यात, नागपूर खंडपीठातल्या खंडपीठापुढे. हसू येतं, पण वाक्य बरोबर आहे.

नागपूर खंडपीठाने केंद्राचा कायदा रद्द केला तर तो फक्त विदर्भात रद्द का?

नाही. कुसुम इन्गॉट्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये म्हटलं आहे की संसदेच्या कायद्याच्या वैधतेवर उच्च न्यायालयाने दिलेला आदेश, तो कायदा जिथे जिथे लागू आहे तिथे देशभर परिणाम करतो. व्यवहारात सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात जातं आणि अनेकदा स्थगिती आणतं. तेव्हा उच्च न्यायालयाने रद्द केलं ही बातमी वाचल्यावर वर स्थगिती मिळाली का, हे आठवडाभराने पुन्हा बघायला हवं.

कायदा मूर्खपणाचा आहे एवढं कारण पुरतं का?

पुरत नाही. कायदा वैधच आहे असं न्यायालय आधी गृहीत धरतं आणि तो घटनाबाह्य असल्याचं दाखवण्याचा भार आव्हान देणाऱ्यावर असतो. धोरण चुकलं, पैसा वाया गेला, जनतेला नको आहे, या तक्रारी निवडणुकीत मांडायच्या.

दोष दिसत असूनही न्यायालय हात आवरतं, असंही होतं. मुंबई भाडे कायद्याने जुन्या इमारतींची भाडी गोठवून ठेवली होती. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की एकेकाळी वाजवी असलेल्या या तरतुदी काळ लोटला तशा अवाजवी झाल्या आहेत. पण त्या कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपणार होती आणि नवा कायदा येण्याची अपेक्षा होती, म्हणून तो रद्द केला नाही. असा निकाल मथळ्यात मांडणं भल्याभल्यांना जमत नाही. महाल-इतवारीतल्या घरमालकांना आणि त्यांच्या भाडेकरूंना मात्र तो चांगला कळेल.

घटनादुरुस्तीसुद्धा स्ट्राइक डाउन होते?

होते. केशवानंद भारती निकालापासून, म्हणजे २४ एप्रिल १९७३ पासून, घटनेच्या मूळ चौकटीला धक्का लावणारी दुरुस्ती टिकत नाही. न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठी आयोग आणणारी ९९ वी घटनादुरुस्ती १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने रद्द झाली.

इंग्लंडमध्येही असंच चालतं का? शब्द तर त्यांचाच.

शब्द त्यांच्या भाषेतला, अधिकार त्यांच्याकडे नाही. ब्रिटनमधली न्यायालयं पार्लमेंटचा कायदा रद्द करू शकत नाहीत. १९९८ च्या मानवी हक्क कायद्याखाली ती फार तर ‘हा कायदा हक्कांशी विसंगत आहे’ असं जाहीर करतात आणि कायदा चालूच राहतो. दुय्यम नियम मात्र ती रद्द करतात. अमेरिकेत १८०३ च्या मार्बरी खटल्यापासून ही परंपरा आहे. आपण लेखी घटना करून हा अधिकार तिच्यातच लिहून ठेवला. ब्रिटिश पद्धतीची संसद आणि अमेरिकी वळणाचं न्यायालय असा आपला मामला असल्यामुळे परदेशी बातम्या वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

माझ्यावरचा खटला रद्द झालेल्या कलमाखाली चालू आहे. मी काय करू?

खटला आपोआप बंद पडेल असं धरून तारखा चुकवू नका. वॉरंट निघालं तर निस्तरताना नाकी नऊ येतात. आधी आरोपपत्रावर नेमकी कोणकोणती कलमं आहेत ते बघा. बहुतेक वेळा रद्द झालेल्या कलमाबरोबर दुसरी दोन-तीन लावलेली असतात आणि ती जिवंत असतात. मग निकालाची प्रत घ्या. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, अनेकांचं मराठी भाषांतरही असतं. आदेशाच्या परिच्छेदात कलम पूर्ण रद्द आहे की अर्थ संकुचित केला आहे, आणि प्रलंबित प्रकरणांबद्दल वेगळं काही सांगितलं आहे का, ते शोधा. एवढं हातात घेऊन वकिलांकडे जा. त्या कलमापुरतं दोषमुक्तीचा अर्ज खटला चालू आहे त्याच न्यायालयात करायचा की सगळं प्रकरण क्वॅश करण्यासाठी उच्च न्यायालयात जायचं, हे बाकीची कलमं किती वजनाची आहेत त्यावर ठरतं.